धरायला शेपटी हवी

आमच्या दातेमामांचं आडनाव दाते नव्हतं. समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी ते त्याचे दात बघायचे, म्हणून घोडेगावाने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. एकदा माझ्या बायकोच्या ऑफिसातल्या एका बाईंनी ते ऐकून "पुण्याच्या दात्यांपैकी का?" असं मोठ्या आशेने विचारलं. मामा म्हणाले, "न्हाई, घोडेगावच्या बाजारातले." बाई हसल्या, आणि तेवढ्यात मामांनी त्यांचे दात बघून घेतले.

मामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, जनावरांच्या बाजारात दलाल होते. बाजाराच्या भाषेत हेडी. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. जनावराचं वय दातांवरून ठरतं. दुधाचे दात असले की आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेलं. हीच मोजपट्टी मामांनी माणसांना लावून टाकली होती. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीला प्रश्न विचारायची त्यांची पाळी आली, तर त्यांनी एक विनोद सांगितला. मुलगी हसली, मामांनी मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं. पुढे कितीतरी वर्षं माझी बायको मामांसमोर तोंडावर हात ठेवूनच हसायची.

जन्मभर बाजारात उभं राहून मामांचे गुडघे कामातून गेले. ते माझ्याकडे नगरला आले ते बसमधून दोघांच्या आधाराने उतरले. डॉक्टरांनी फोटो काढले आणि दोन वाटा सांगितल्या. एक तर काही महिने रोज पाण्यात राहून पाय हलवायचे, म्हणजे गुडघ्यावर भार न येता व्यायाम होईल. नाहीतर गुडघे बदलायचे. गावाकडून मामांच्या मुलाने फोनवर बजावलं की ऑपरेशन झालं तर बाजार कायमचा बंद, कारण एखाद्या म्हशीने लाथ घातली तर नवे गुडघे पुन्हा मिळणार नाहीत. मुलाचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मामा मला म्हणाले, "भाचेबुवा, मला पळायचं न्हाई, का डोंगर चढायचा न्हाई. निस्तं बाजारात हुभं ऱ्हायचंय. तेवडं बगा."

आमच्याकडे मामा भाच्याला मान देतात, त्यामुळे मी शेंबडा असल्यापासून मामा मला 'भाचेबुवा' म्हणत आणि 'अहो-जाहो'च करत आले होते. एवढ्या मानाने मागितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावावर माझी सकाळची बॅच होती. मी म्हणालो, उद्या तलावावर जाऊ.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी 'तलाव' म्हणालो आणि मामांनी तलावच धरला. सकाळी दारात उभे, तर काखेत गाठोडं. गाठोड्यात साबणाची वडी, पाय घासायची वज्री आणि धुवायला दोन धोतरं. वाटेत कडुनिंब दिसला तेव्हा त्यांनी स्कूटर थांबवायला लावून दातणाच्या काड्याही मोडून घेतल्या. तलावावर जायचं आणि धुणं न धुता परत यायचं, ही उधळपट्टी त्यांना पटण्यासारखी नव्हती.

फाटकावर आमचे कोच उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात वही, आणि स्वभाव नियमांचा. त्यांनी मामांचं वय विचारलं. मामांनी आ वासला आणि म्हणाले, "बगा आन लिवा." कोच दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी सांगितलं की पाण्यात फक्त नायलॉनची चड्डी चालेल. मामांची चड्डी होती ती निळ्या पट्ट्यापट्ट्याची, गुडघ्यापर्यंतची, आणि तिच्या खिशात तंबाखूची पिशवी. मी शेजारच्या टपरीवरून नायलॉनची आणून दिली. मामांनी ती चारी बाजूंनी चाचपली आणि नाडी कुठे आहे ते विचारलं. नाडी नसते, इलॅस्टिक असतं, असं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "नाडीबिगर चड्डी म्हंजे येसनीबिगर बैल," ते म्हणाले. "कवा जाईल काय भरवसा." शेवटी त्यांनी पट्ट्यांच्या चड्डीची नाडी ओढून काढली आणि नायलॉनच्या चड्डीवरून कमरेला करकचून बांधली. नियमात नाडीविरुद्ध काहीच लिहिलेलं नसल्यामुळे कोचना त्यांना आत सोडावं लागलं.

मग टोपीवरून झालं. डोक्याला रबरी टोपी सक्तीची. मामांनी ती घातली, आरशात पाहिलं आणि तिच्यावर स्वतःची पांढरी टोपी चढवली. मग आंघोळीवरून. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्यायचा, असं मी सांगितलं तर त्यांनी मला शांतपणे विचारलं, की आंघोळ झाल्यावर पाण्यात कशासाठी जायचं. मी त्यांना धरून शॉवरखाली नेलं.

एवढ्यात कुणीतरी काठावरून उडी मारली म्हणून कोचनी जोरात शिट्टी फुंकली. मामा दचकले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "प्यायला सांगतोय का?" मला आधी कळेना. मग आठवलं. आमच्याकडे जनावर पाण्यावर नेलं की मालक शीळ घालतो, आणि शीळ ऐकली की जनावर पाणी पितं. मामांचं आयुष्य त्या शिळेत गेलेलं. कोच दर दोन मिनिटांनी शिट्टी मारत होते आणि मामा दर वेळी त्या निळ्या, दवाखान्याचा वास येणाऱ्या पाण्याकडे बघून तोंड वाकडं करत होते.

शिडी धरून मामा पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी आलं आणि ते थांबले ते थांबलेच. शिडीची दांडी सोडायला तयार होईनात. मी म्हणालो, मामा, चला. ते जागचे हलेनात. बॅचमधली माणसं बघायला लागली तशी मला लाज वाटू लागली, कारण आदल्याच दिवशी मी सगळ्यांना मामांची गोष्ट सांगून ठेवली होती. आमच्या घरात ती गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही माहीत. तरुणपणी मुळा नदीला पूर आला होता आणि दातेमामांनी पुरात उडी टाकून एक म्हैस पैलतीराला काढली होती.

मामांनी मला जवळ बोलावलं. "भाचेबुवा, मला पवता येत न्हाई," ते माझ्या कानात म्हणाले.

"आणि मग ती म्हैस?"

"म्या कुठं तिला काडली? तिनं मला काडलं. मी निस्ती शेपटी धरली हुती." दांडी आणखी घट्ट धरत ते म्हणाले, "लोकास्नी सांगताना उलटं सांगितलं गेलं. मंग तसंच ऱ्हायलं."

आमच्या मातुलघराण्याचा एकमेव पराक्रम असा कमरेएवढ्या पाण्यात बुडाला. पण मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांना वेगळीच काळजी पडली होती. पाण्यात राहिलं नाही तर गुडघे जाणार, गुडघे गेले तर बाजार जाणार, आणि पाण्यात राहायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी विचारलं, "हितं धरायला काय हाय?" मी माझा हात पुढे केला. मामांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ज्या आवाजात ते बाजारात गिऱ्हाइकाला मरतुकडं जनावर घेऊ नको म्हणून सांगत असतील, त्याच आवाजात म्हणाले, "तुमचं काम न्हाई."

मग त्यांची नजर तलावभर फिरली आणि नाझरसाहेबांवर येऊन थांबली.

नाझरसाहेब म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले नाझर. अंगाने भरलेले, खांदे रुंद, मान जाड. बॅचमध्ये कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. छातीएवढ्या पाण्यात ते सावकाश हात मारत इकडून तिकडे जायचे आणि त्यांचा तो डौल बघून आम्ही वाट द्यायचो. त्या क्षणी साहेबांना जांभई आली. मामांना दोन्ही जबडे स्वच्छ दिसले. वरची रांग सरळ, खालची रांग सरळ, एक दात झिजलेला नाही, एक किडलेला नाही. मामांच्या डोळ्यांत मी तेव्हा जी चमक पाहिली ती बाजारात पहिल्या प्रतीच्या म्हशीसाठी राखून ठेवलेली असणार. "नुकतंच जुळलंय," ते पुटपुटले. "लई ताकदीचं हाय."

ती कवळी होती. पण हे मामांना माहीत नव्हतं, आणि मला सांगायला सवड मिळाली नाही.

मामांनी शिडी सोडली, दोन पावलं टाकली आणि साहेबांच्या चड्डीचा कमरेचा पट्टा मागून दोन्ही हातांनी गच्च धरला. साहेब जागच्या जागी ताठ झाले. मामांनी एक हात सोडून त्यांच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली, जिभेने चक्-चक् असा आवाज केला आणि म्हणाले, "चल माजी बाय."

पुढचं सगळं फार लवकर झालं. साहेब सुटले. कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस एवढ्या वेगाने कुठे गेलेला कुणी पाहिला नसेल. पाणी दोन्ही बाजूंना फाटत होतं, मागे मामा पालथे पडून ओढले जात होते, आणि त्यांची पांढरी टोपी त्यांच्याही मागून एकटीच तरंगत येत होती. दोघं सरळ खोल पाण्याकडे निघाले. कोच काठाने शिट्ट्या मारत धावत होते, आणि नंतर मामांनीच सांगितलं की प्रत्येक शिट्टीला त्यांच्याकडून आपसूक एकेक घोट घेतला जात होता. खोल टोकाची दांडी हाताला लागली तेव्हा साहेब तिला बिलगले. मामा अजून साहेबांनाच बिलगलेले होते.

साहेब वळले. काहीतरी जबरदस्त बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर नुसती हवा आली. तोंड मोकळं होतं. वरची रांग नाही, खालची रांग नाही. मामांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं द्येवा," ते म्हणाले. "ह्ये तर पार बोळकं निगालं."

कोचनी बुडी मारून तळातून कवळी काढून दिली. साहेबांनी ती पाण्यात विसळून बसवली, टॉवेल घेतला आणि कुणाकडे न बघता निघून गेले. संध्याकाळी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोचचा संदेश आला: "कृपया तलावात कोणीही कोणाला मागून धरू नये." त्याखाली बावीस जणांनी हात जोडले. मामांना मी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांना त्या नियमाचं काही वाटलं नाही. त्यांना लागून राहिलं होतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत दातांवरून ते पहिल्यांदा फसले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी माफी मागायची म्हणून पेढ्यांचा पुडा बरोबर घेतला. पेढे मऊ बघून घेतले होते. साहेब पाण्यात उभे होते. मामा शिडीवरून हात जोडून काहीतरी बोलू लागले. साहेबांनी ऐकून घेतलं, मग दोघं बराच वेळ काठाशी हळू आवाजात बोलत राहिले. पेढे खाऊन झाले. मी लांबून बघत होतो, तंटा वाढला तर मधे पडावं म्हणून. बोलणं संपलं आणि साहेबांनी मामांकडे पाठ केली. तसंच पुढे बघत ते म्हणाले, "धरा."

तिथून पुढे रोज सकाळी हाच कार्यक्रम. पुढे साहेब, मागे मामा. मामांचे पाय पाण्यात मोकळे सुटायचे आणि ते बेडकासारखे झाडत राहायचे, तोंडाने अखंड बाजारगप्पा. कुठल्या गावची म्हैस दुधाला चांगली, सोनईच्या कुठल्या माणसाशी सौदा करताना डोळ्यात तेल घालावं लागतं, सगळं साहेबांना पाठ झालं. कोचनी दोन दिवस शिट्टी मारून पाहिली, पण प्रत्येक शिट्टीला मामा घोट घ्यायचे, तेव्हा त्यांनीच दयेने नाद सोडला. साहेबांची पत्नी जाऊन बरेच दिवस झाले होते आणि मुलगा परदेशात. मामांनी हे मला सांगितलं तेव्हा मला धक्का बसला, कारण मी साहेबांना कितीतरी वर्षं रोज बघत होतो आणि मला त्यांच्या घरचं काही माहीत नव्हतं. मी एवढंच जाणून होतो की ते मोठे पोहणारे आहेत.

बॅचमधल्या लोकांनाही मामांची सवय झाली. नवा माणूस आला की तो आधी मामांना दात दाखवायचा. कोच मामांच्या हिशेबात चारदाती ठरले होते आणि ते मनातून नाराज होते, त्यांना वाटायचं आपण सहादाती तरी असू. मामा त्यांना धीर द्यायचे, म्हणायचे, येतील, घाई करू नका.

हळूहळू गुडघ्यांत जोर येऊ लागला. आधी मामा जिना एकट्याने उतरले. मग चढले. मग एके दिवशी आमच्या दिवाणखान्यात पंख्याखाली उभे राहिले आणि मला म्हणाले, बघत बसा. मी पेपर वाचला, आंघोळ केली, नाश्ता केला, मामा उभेच. बायको दोनदा खुर्ची घेऊन आली, त्यांनी ती परत पाठवली. जेवायची वेळ झाली तेव्हा ते आपणहून बसले आणि गावाकडे फोन लावायला सांगितला. मुलाला एवढंच म्हणाले, की बाजाराच्या दिवशी येतोय, दावी धुवून ठेव.

ते गावी परत गेले त्या सकाळी तलावावर विशेष काही झालं नाही. दोघं एक फेरी जास्त पोहले. साहेबांनी मामांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, मामांनीही सोडवून घेतला नाही. मग मी मामांना घोडेगावच्या बसमध्ये बसवून दिलं.

नंतर मी एकदा मुद्दाम बाजारात गेलो होतो. म्हशींच्या दावणीत मामा उभे होते. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, एका हाताने म्हशीचा जबडा उघडलेला, आणि भोवती गिऱ्हाइकांचा गराडा. मी लांबूनच पाहिलं. दुपार कलली तरी ते बसले नाहीत. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांना हाक न मारताच परत फिरलो, उगीच सौद्यात व्यत्यय नको.

मामा गेले तेही बाजाराच्याच दिवशी. संध्याकाळी चालत घरी आले, भाकरी खाल्ली, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. असं मरण मागूनही मिळत नाही असं सगळे म्हणत होते. ते खरंच होतं, पण मला त्याने काही बरं वाटत नव्हतं.

दहाव्याला घोडेगावात निम्मा बाजार लोटला होता. गर्दीत मला नाझरसाहेब दिसले. पांढरा शर्ट, हातात छत्री, एसटीने एकटेच आले होते. आम्ही एका बाजूला लिंबाखाली पारावर बसलो. पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघत होते. साहेबही तिकडेच बघत होते.

"एक सांगू का," ते म्हणाले. "मला पोहता येत नव्हतं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. साहेब सांगत राहिले. इतकी वर्षं ते छातीएवढ्या पाण्यात पायांनी चालायचे आणि वरून हात मारायचे. लोक वाट देऊ लागले, मग खरं सांगायची सोयच उरली नाही. मामांनी मागून धरलं त्या दिवशी ते भीतीने सुटले, आणि पाय तळाला लागेनासे झाले तेव्हा त्यांना कळलं की आपण बुडत नाही आहोत.

मी हसलो. दहाव्याच्या ठिकाणी हसू नये हे मला कळत होतं, पण ते आवरेना. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. मी विचारलं, मामांना हे माहीत होतं का.

"दुसऱ्याच दिवशी सांगितलं त्यांना. पेढे खाताना. म्हणालो, आता पुन्हा धरू नका, मी भरवशाचा नाही, दोघंही बुडू." साहेबांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तर म्हणाले, 'साहेब, पुरात त्या म्हशीचेबी पाय कुठं टेकत हुते? मागं मी हाय म्हनून ती थांबली न्हाई, आन म्होरं ती हाय म्हनून म्या सोडलं न्हाई. तुमी फकस्त वळून बगू नका.'"

 साहेब समोरच बघत होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून समोर बघत राहिलो.